दगडातल्या तिसऱ्या

पोलादपूरहून महाबळेश्वरच्या रस्त्याला लागलं की थोडं वर एक नवी बाग होते आहे. पाहुण्यांसाठी खोल्या आणि खोल्यांभोवती बाग. तिथं मी कामाला जाते. रोपं लावायची, माती ओढायची, दगड धुवायचे. आपल्या डोंगरात काळ्या दगडाला काय तोटा, पण बागेला पिवळे दगड हवे होते, म्हणून ते ट्रकने राजस्थानातून आले. कोरडे असताना ते भाकरीच्या पापुद्र्यासारखे दिसतात. पाईपचं पाणी पडलं की मधासारखे होतात.

असाच एक दगड धूत होते. पाणी ओघळलं आणि आत तिसऱ्या दिसल्या, कालवणाचे शिंपले. आपल्या खाडीतल्या असतात तशाच, रेघारेघांच्या, कुणी पदरातून ओतल्यासारख्या. मी पाईप तसाच धरून उभी राहिले. पायाखाली चिखल झाला तरी कळलं नाही.

मला आई आठवली. आई घरीच होती, माझ्या घरी, पण मला खाडीतली आई आठवली.

महाडच्या खाली सावित्री नदीची खाडी होते, तिथं तिचं घर. ओहोटीला तिसऱ्या वेचायच्या आणि डोक्यावर टोपली घेऊन महाडच्या बाजारात बसायचं, हे तिने जन्मभर केलं. मग डोळे गेले. आता उजेड आणि अंधार तेवढा कळतो. घराला कुलूप लावून मी तिला पोलादपूरला घेऊन आले. नवरा मुंबईला कामाला असतो, तोही म्हणाला, आण.

पण ती रमली नाही. उंबऱ्यात बसायची. जेवण चिवडायची. "मला घरी सोड गो," एवढंच म्हणायची. एकदा कामावरून आले तर घरात नाही. एसटीच्या थांब्यावर भिंत धरून उभी होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होती, "महाडची गाडी कुठं लागते?" तिकडे एकटी राहिली तर एखाद्या भरतीला पाय चुकेल, ही मला भीती. इकडे राहिली तर अशीच उंबऱ्यात बसून वाळून जाईल, ही दुसरी.

बागेत फुटक्या दगडांचा ढीग टाकायलाच ठेवला होता. मिस्त्रींना विचारून त्यातले दोन तुकडे घरी आणले. एकात तिसऱ्या होत्या. दुसऱ्यावर काळा, नाजूक नेचा उमटला होता. पावसाळ्यात विहिरीच्या आतल्या भिंतीला उगवतो तसा, पान न् पान दिसत होतं. मला तोच जास्त आवडला होता.

पहिला तुकडा आईच्या हातात दिला.

"काय हाय गो ह्ये?"

"बघ ना तूच."

"मी काय बघू? डोळे काय बाजारातून आणू?"

पण बोटं फिरायला लागली होती. आधी अंगठा, मग सगळीच. तिचा चेहरा लांब कुठे तरी गेला.

"तिसरी," ती म्हणाली. "ही पण. ही उघडी पडून मेलेली, एकच शिंपी हाय. आन् ही मिटलेली." तिने खाली पडलेला खडा उचलून त्या मिटलेलीवर वाजवला आणि दगड कानाशी नेला. "चिखलानं भरलेली. ही टाकायची."

मला हसू आलं. तिसऱ्या वेचल्या की दोन-दोन घेऊन एकमेकींवर वाजवायच्या, हे काम लहानपणी माझं होतं. जिवंत असली तर टणक वाजते. आत नुसता चिखल असला तर आवाज बसका येतो. तशी एक जरी टोपात उघडली तरी सगळं कालवण बाद.

"मरताना तिसरी तोंड उघडते," आई म्हणाली. "हिला तेवढा पण वेळ नाय गावला. वरून चिखल आला असंल." तिने दगड मांडीवर घेतला. "कुठली खाडी?"

"राजस्थानची."

"तिकडं खाडी हाय?"

"नाय. नुसती वाळू हाय म्हणतात."

"मग गेली कुठं?"

मी नेच्याचा तुकडा पुढे केला. कसा दिसतो ते सांगितलं. तिने तो उलटसुलट चाचपला, गालाला लावला.

"इथं काय नाय."

"हाय गो आये. काळा काळा दिसतोय."

"दिसत असंल. पण हाय काय नाय. कुणी निजून उठला तर गादीवर खळगा राहतो. इथं कोण निजलाच नाय."

मला वाईट वाटलं. चिडून बोलते आहे, असं वाटलं.

बाग आखून देणाऱ्या मॅडम पुण्याहून येतात. मी कुणाशी आपणहून बोलणारी नाही. दुसऱ्या दिवशी नेच्याचा तुकडा पदराखाली धरून त्यांच्या आसपास नुसती घुटमळत राहिले. शेवटी त्यांनीच विचारलं, "काय आहे हो हातात?"

मी शिंपल्यांचंही सांगितलं. त्यांनी तो तुकडा उन्हात धरला. म्हणाल्या, शिंपले खरे आहेत. तिथं एके काळी समुद्र होता, माणूस जन्मायच्या आधी. तळाचा चिखल शिंपल्यांभोवती बसला आणि त्याचाच दगड झाला. नेचा मात्र झाड नव्हे. दगडाच्या भेगेत पाणी शिरतं, त्यातला क्षार सुकताना असा पसरतो. "सगळे फसतात. मीसुद्धा फसले होते." आपल्या काळ्या दगडात असे शिंपले मिळणार नाहीत, तो तापून वितळलेल्या रसाचा झाला आहे, हेही त्यांनी सांगितलं.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. किती दिवसांनी हसली ती. "मग! मी काय सांगितलं? आन् आगीत कोण राहतंय?"

त्यानंतर संध्याकाळी दारात पाऊल टाकलं की आवाज यायचा, "आज काय आणलंस?" मी तुकडे आणायचे. ती सूप घेऊन बसायची, मिटलेल्या एका बाजूला, उघड्या एका बाजूला. नुसते डाग असले तर "फसलीस" म्हणून माझ्याकडे सारायची. बोलता बोलता भाकरी संपायची. आणि एक दिवस ती म्हणाली, "मला वल्या चिखलात हात घालायचाय. ने."

तिकडे गेली की परत यायची नाही, हे मला दिसत होतं. तरी सुट्टीच्या दिवशी नेलं.

ओहोटी लागली होती. पाणी लांब गेलेलं, चिखल चकाकत होता. माझा हात सोडून ती खाली बसली आणि कोपरापर्यंत हात आत घातले. मग तिसऱ्या वाजू लागल्या. टक. टक. कानाशी धरायची, ठेवायची किंवा टाकायची. मी डोळे मिटले. त्या आवाजात मला वाळूचा मुलूख दिसला, त्यावर पाणी पसरलेलं, आणि कुणी तरी बाई ओणवी होऊन वेचते आहे. माणूस नव्हता तेव्हा बाई कुठली? पण दिसली.

आईने कनवटीला खोचून आणलेला तिसऱ्यांचा दगडी तुकडा काढून पाण्यात बुडवला. ती तो तिथं सोडील, असं मला वाटलं. तिने तो जिभेला लावून पाहिला आणि परत कनवटीला खोचला.

"सोडायचा नाय?"

"आपल्या खाडीचा नाय तो. कुणी कालवणाला नेईल आन् दात मोडंल तिचा."

वाटेत घर लागलं. तिने कुलूप चाचपलं, दारावरून हात फिरवला. मी चावी हातात धरून उभी होते. तिने चावी मागितली नाही.

महाडच्या डेपोत गर्दी होती. वेचलेल्या तिसऱ्या बांधलेल्या फडक्यातून खारं पाणी ठिबकत होतं. मी काही म्हणायच्या आत आईने शेजारून जाणाऱ्या माणसाची बाही धरली.

"पोलादपूरची गाडी कुठं लागते रे बाबा? उशीर होतोय, कालवण करायचंय."