पाळी क्रमांक एक्केचाळीस

“गेम काढायचाय. आत्ताच्या आत्ता. मोठे साहेब बारा वाजता पोचतायत.”

फोनवर निमकर साहेब होते. कालव्यावरच्या एका सेक्शन ऑफिसचे साहेब. कोणता कालवा ते विचारू नका. नावंही मी बदलली आहेत. नवा जिल्हा होऊन एक-दोन वर्षं झाली होती. हिंगोलीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं आणि त्या ऑफिसची एएमसी माझ्याकडे होती. एएमसी म्हणजे वर्षभराचा करार. मशीन बिघडलं की आपण धावायचं, आणि नाही बिघडलं तरी महिन्यातून एकदा जाऊन बघायचं. त्या मशीनवर सरकारी काम असं काही होतच नव्हतं, त्यामुळे मी जाऊन धूळ पुसायचो, चहा प्यायचो आणि यायचो.

“साहेब, दोन मिनिटांचं काम आहे. तुम्हीच करा की.”

“मी केलं हो. चित्र पुसलं स्क्रीनवरचं. पण तो आत आहेच!”

हे सगळ्यांचंच होतं. स्क्रीनवर जे छोटं चित्र दिसतं, ज्याला आम्ही आयकॉन म्हणतो, ती फक्त दारावरची पाटी असते. पाटी काढली म्हणून घरातला माणूस जात नाही. मी कुरुंद्याला एका हळदीच्या अडत्याचा प्रिंटर बघायला निघालो होतो. ते राहू दिलं आणि गाडी कालव्याकडे वळवली.

ऑफिससमोर तीस-चाळीस शेतकरी बसलेले. कोणी ओरडत नव्हतं, म्हणजे प्रकरण ओरडण्याच्या पलीकडे गेलं होतं. बाजूला लिंबाखाली थावराकाका एकटेच बसले होते. थावराकाका पाटकरी. कालव्याची गेटं उचलायची, पाडायची, पाणी कुठवर गेलं ते सायकलवरून फिरून बघायचं, हे त्यांचं काम. जवळच्याच तांड्यावरचे. नोकरी तीस वर्षांची, आणि रिटायर व्हायला आठ महिने राहिलेले.

“काका, काय झालं?”

त्यांनी खिशातून एक कागद काढून माझ्या हातात दिला. नोटीस होती. वरिष्ठांच्या आदेशाविना गेट बंद करून टेलच्या शेतकऱ्यांचे नुकसान केल्याबद्दल आपणास निलंबित का करण्यात येऊ नये, वगैरे. टेल म्हणजे कालव्याचं शेवटचं टोक. तिथे पाणी सगळ्यात उशिरा पोचतं आणि काही बिनसलं तर सगळ्यात आधी बंद होतं.

“इंजनेर सायेब, माह्या हातून काय चुकलं तेच समजून न्हाई राहिलं. सायबाच्या अक्षरात लिवलेलं होतं. मी वाचलं अन् गेट पाडलं. आता म्हंतेत, कागद दाखीव. कागद तं मी पोचवला ना बराबर जागी!”

“काय लिहिलं होतं कागदावर?”

“पाळी संपली. उत्तरेचं गेट बंद.” मग जरा आवाज खाली आणून म्हणाले, “अन् टेलवाले बोंबलत बसा.”

मी नोटीस त्यांना परत दिली. त्या तिन्ही वाक्यांचा अर्थ तिथे बसलेल्या माणसांपैकी फक्त मला कळत होता. आणि तो गेम त्या मशीनमध्ये टाकणारा माणूस मीच होतो.

आता थोडं मागे जातो.

ते मशीन सरकारने संगणकीकरणासाठी पाठवलं होतं. ऑफिसातल्या एकमेव चांगल्या खोलीत ते ठेवलं, त्यावर मखमलीचं कापड घातलं, आणि आत येणाऱ्याने चपला बाहेर काढायच्या असा नियम केला. पाण्याचा सगळा हिशोब पूर्वीसारखाच रजिस्टरमध्ये लिहिला जायचा. निमकर साहेब पुण्याकडचे. बायको-मुलं तिकडेच. दुपारभर करायचं काय? एकदा मला म्हणाले, “बघा ना, डोक्याला खाद्य मिळेल असं काही असलं तर.” गिऱ्हाईक खूश तर करार पक्का. मी एका सीडीवरून गेम टाकून दिला.

गेम असा होता. तुम्ही एक राजा. थोडी जमीन, एक किल्ला, चार शिपाई. खाणी खणायच्या, गावं वसवायची, जादूगार पाळायचे, हाडांच्या सांगाड्यांची फौज उभी करायची, जमलं तर ड्रॅगन मिळवायचा आणि शेजारच्याचं राज्य गिळायचं. पण यात धावपळ नाही. बुद्धिबळासारखं आहे. आधी तुम्ही तुमच्या सगळ्या चाली करायच्या, मग खाली ‘एंड टर्न’ नावाचं बटण दाबायचं. मग समोरचा त्याच्या चाली करणार. तोवर तुम्ही गप्प बसायचं.

निमकर साहेबांनी टर्नला शब्द शोधला ‘पाळी’. त्यात त्यांची चूक नव्हती. कालव्यावरचा माणूस दुसरा कोणता शब्द शोधणार? पाणी सोडण्याच्या फेरीलाही पाळीच म्हणतात. पहिली पाळी, दुसरी पाळी, पाळी सुटली, पाळी संपली.

महिनाभर साहेब कॉम्प्युटरशी खेळले. मग त्यांना खरा शत्रू हवासा वाटला. तो टेलच्या सेक्शनला सापडला. तिथले गुंजाळ साहेबही दुपारी रिकामेच असायचे आणि त्यांच्याही मशीनवर मखमलीचं कापड होतं. त्यांच्याकडेही गेम मीच टाकला, हे लपवून उपयोग नाही. निमकर साहेबांचं राज्य नकाशात उत्तरेला होतं. ते आपली चाल करायचे, खेळ जिथे थांबला तिथे तो ‘सेव्ह’ करायचे, म्हणजे साठवून ठेवायचे, आणि ती फाईल फ्लॉपीवर घ्यायचे. फ्लॉपी म्हणजे त्या काळातली तळहाताएवढी चौकोनी डिस्क. ती लिफाफ्यात घालून वर ‘तातडीचे’ असा शिक्का मारून टेलच्या ऑफिसला जायची. दुसऱ्या दिवशी तिकडून उत्तर यायचं. जिल्ह्यातलं एवढं वेळेवर चालणारं सरकारी टपाल मी दुसरं पाहिलं नाही.

हे टपाल थावराकाका सायकलवरून न्यायचे. वाटेतच त्यांची चौकी, आणि चौकीजवळ उत्तरेच्या फाट्याचं, म्हणजे टेलकडे पाणी नेणाऱ्या शाखेचं गेट.

प्रत्येक वेळी सेव्ह करताना फाईलला नाव द्यावं लागतं. लोक ‘अ’ किंवा ‘एक’ असं काहीही देतात. साहेब मात्र सरकारी माणूस. ते इंग्रजी अक्षरांत मराठी नाव असं द्यायचे की पुढे कोणी फाईल उघडली तर विषय कळावा. तेच, पाळीचा आकडा गाळून, मराठीत चिठ्ठीवरही लिहायचे आणि खाली सही करायचे. ती तीन वाक्यं गेली त्या दिवशी ऑफिसातले लिफाफे संपले होते. चिठ्ठी फ्लॉपीला रबर लावून तशीच दिली गेली.

थावराकाका चौथी पास. समोर साहेबांचं अक्षर, साहेबांची सही. पाळी संपली, उत्तरेचं गेट बंद. टेलची पाळी अजून चार दिवस चालायची होती, हे काकांना ठाऊक होतं. पण हुकूम तो हुकूम. त्यांनी गेट पाडलं आणि चिठ्ठी इमानदारीने टेलच्या ऑफिसात नेऊन दिली. गुंजाळ साहेबांनी ती वाचली, आपल्या किल्ल्याची नाकाबंदी झाली म्हणून हळहळले आणि चिठ्ठी फाडून टाकली. पाणी बंद झाल्याचं दोन्ही साहेबांना तिसऱ्या दिवशी कळलं, तेही शेतकरी दारात आल्यावर, आणि चौकशी होईपर्यंत गेट तसंच ठेवायचं ठरलं. त्यांचा गहू दाणा भरायला आला होता.

मी आत गेलो. निमकर साहेब फेऱ्या मारत होते. गुंजाळ साहेब खुर्चीत रुमालाने मान पुसत बसले होते.

“साहेब, काकांचं काय?” मी विचारलं.

“त्यांचं बघू. समज देऊन सोडतील. फार तर थोडे दिवस निलंबन.”

“आठ महिने राहिलेत त्यांचे. पेन्शन अडकेल.”

“मग काय, मी चौकशीत ड्रॅगनचं सांगू?” साहेब चिडले. “तुम्ही तुमचं काम करा. आणि पुढच्या महिन्यात करार रिन्यू करायचाय, लक्षात आहे ना?”

लक्षात होतं. मी गेम उघडला. सेव्ह केलेल्या एक्केचाळीस फाइली ओळीने उभ्या होत्या, प्रत्येकीपुढे तारीख आणि वेळ. मी सगळं काढलं. पाटी नव्हे, घर.

काम झालं की आम्ही सर्व्हिस रिपोर्ट भरतो. तक्रार काय, काम काय केलं, मशीनची स्थिती काय. कार्बन घालून तीन प्रती. खाली गिऱ्हाइकाची सही. ‘काम काय केलं’ या रकान्यात मी नेहमी दोन शब्द लिहायचो: सॉफ्टवेअर क्लीनिंग. त्या दिवशीही पेन तिथपर्यंत गेलं. खिडकीतून काका दिसत होते. नोटिशीची घडी उघडत होते, वाचत होते, परत घालत होते. मला स्वतःची लाज वाटली. नियमानुसार रिपोर्टमध्ये काढलेल्या फाइलींची नावं, तारीख आणि वेळ लिहायची असते. मी आयुष्यात पहिल्यांदा नियम पाळला. शेवटच्या चार फाइलींची नावं जशीच्या तशी उतरवली.

“साहेब, सही.”

साहेबांनी घड्याळाकडे बघत सही ठोकली. रिपोर्ट कोणीच वाचत नाही. माझ्या अख्ख्या कारकिर्दीत कोणी वाचलेला नव्हता.

मोठे साहेब आले. कार्यकारी अभियंता, तापट म्हणून प्रसिद्ध. काकांना आत बोलावलं. काकांनी चप्पल बाहेर काढली आणि तीच तीन वाक्यं सांगितली.

“सरकारी कागदावर ‘बोंबलत बसा’ असं कोणी लिहितं का?” मोठे साहेब म्हणाले. “आणि तुम्हाला शंका नाही आली?”

“बोलण्यात तं रोजच आसते सायेब,” काका म्हणाले. “लेखी पयल्यांदा आलं. म्हून मी खरंच धरलं.”

 निमकर साहेब पटकन म्हणाले, “अशी कोणतीही चिठ्ठी दिलेली नाही, सर.” गुंजाळ साहेब म्हणाले, “मिळालेलीही नाही.”

तेवढ्यात मोठ्या साहेबांचं लक्ष माझ्या बॅगेकडे गेलं. “हे कोण?”

“कॉम्प्युटरवाला, सर. धूळ पुसायला आलाय,” निमकर साहेब म्हणाले.

“आजच?” त्यांनी हात पुढे केला. “काय काम केलं?”

मी ऑफिसची प्रत त्यांच्या हातात दिली. ते मोठ्याने वाचू लागले.

“काढलेल्या फाइली. पाळी अडतीस संपली, ड्रॅगनने दोन गावं जाळली.” ते थांबले. “कोणती गावं? पंचनामा झाला?”

“माझी होती, सर,” गुंजाळ साहेबांच्या तोंडून निघून गेलं.

निमकर साहेबांनी डोळे मिटले. मोठे साहेब पुढे वाचत गेले आणि शेवटच्या ओळीवर त्यांचा आवाज बदलला. “पाळी एक्केचाळीस संपली. उत्तरेचं गेट बंद. टेलवाले बोंबलत बसा.” त्यांनी वर काकांकडे बघितलं, मग परत कागदाकडे. “तारीख तीच. वेळ, गेट पडायच्या आधी दोन तास. म्हणजे आदेश होता. आणि चौकशीच्या दिवशी ऑफिसचं रेकॉर्ड नष्ट केलंत? खाली सही तुमचीच आहे, निमकर!”

सरकारी रेकॉर्ड नष्ट करणं म्हणजे काय, हे निमकर साहेबांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. ते घामाघूम झाले.

“सर, ते रेकॉर्ड नाही. ते... राज्य आहे.”

“कोणाचं राज्य?”

“माझं. उत्तरेचं. सर, गेम आहे तो! शपथ घेऊन सांगतो, गेमच आहे! जादूगार असतात त्यात, सांगाडे असतात. चिठ्ठी मीच दिली होती, पण गेमची!”

आतापर्यंत जो गेम नव्हताच, तो होता हे सिद्ध करायला साहेब माझा दंड धरून मला ओढू लागले. “सांगा ना यांना! दाखवा ना!”

“काढून टाकला साहेब,” मी म्हणालो. “तुम्हीच सांगितलं होतं.”

थावराकाकांची नोटीस तिथल्या तिथे मागे घेतली गेली. दोन्ही साहेबांच्या बदल्या झाल्या. मोठ्या साहेबांनी आठवड्यात परिपत्रक काढलं: यापुढे कालव्याच्या पाण्याबाबत ‘पाळी’ ऐवजी ‘आवर्तन’ हा शब्द वापरावा. परिपत्रकात गेमचा उल्लेख नव्हता. टेलच्या शेतकऱ्यांचाही नव्हता. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा गहू बारीक दाण्यावरच थांबला. त्याबद्दल कोणाला नोटीस गेली नाही, आणि मलाही नाही. ते आठवलं की अजून वाईट वाटतं.

पण त्या दिवशीचं शेवटचं राहिलं. मोठे साहेब व्हरांड्यात आले आणि म्हणाले, “थावरा, जा, गेट उचल लवकर.”

शेतकरी उठून उभे राहिले. काका हलले नाहीत.

“लेखी द्या सायेब.”

मोठ्या साहेबांनी खिशातलं पेन काढलं आणि उभ्याउभ्याच लिहून दिलं. काकांनी कागद दोनदा वाचला. मग वर बघितलं.

“ह्यात गेट कोन्तं ते लिवलेलं न्हाई. कालव्याचं का कंप्युटरचं?”

मोठ्या साहेबांनी कागद परत घेतला आणि ‘कालव्याचे’ असं लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. काकांनी त्याची घडी घालून आतल्या खिशात ठेवली आणि सायकलवर टांग टाकली. शेतकरी त्यांच्यामागे चालू लागले.

माझा करार अर्थातच रिन्यू झाला नाही. नंतर तिथे दुसरा इंजिनियर जाऊ लागला. गेम परत आलाय असं तो एकदा सांगत होता. फाइलींना आता नुसते आकडे देतात म्हणे. गिऱ्हाइकाची सही घेण्याआधी त्याला रिपोर्ट वाचून दाखवावा, असं आमच्या ट्रेनिंगमध्ये शिकवतात. मी अजूनही वाचून दाखवत नाही.