बाबांना उतारू व्हायचं होतं

माझ्या बाबांनी चाळीस वर्षं वैनगंगेवर डोंगा चालवला, पण दुसऱ्याच्या डोंग्यात ते एकदाही बसले नाहीत. आमच्या घाटावर डोंगा एकच होता, तो त्यांचाच. मार्कंड्याच्या जत्रेचे लोक, पलीकडच्या शाळेत जाणारी आम्ही पोरं, नव्या नवऱ्या, मयताला निघालेले पाहुणे, सगळ्यांना त्यांनीच पार केलं. म्हातारपणी त्यांची एकच इच्छा उरली होती. कोणी तरी दुसऱ्यानं नाव चालवावी आणि आपण मांडीवर हात ठेवून गुमान बसावं.

आमच्याकडे पूल झाला तो माझ्या अर्जामुळे, असं गाव अजून म्हणतं. अर्ज गावाचा होता, मजकूर माझा. मी नुकतीच शिक्षिका झाले होते आणि पावसाळ्यात पूर आला की शाळेत जाता येत नसे. नावाड्याचीच सही असली म्हणजे अर्जाला वजन येईल, म्हणून पहिली सही मी बाबांची घेतली. ‘लोकाईले पायजे ना,’ म्हणत त्यांनी ती केलीही. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो मीच. पूल झाला आणि घाट ओस पडला. ज्यांना बाबांनी चिखलातून खांद्यावर घेऊन उतरवलं होतं, ते पुलावरून मोटारसायकलनं जाताना खाली बघतही नसत. गरज सरो, वैद्य मरो.

तरी बाबा दर वर्षी होळीनंतर डोंग्यात दगड भरत आणि तो डोहात बुडवून ठेवत. एकाच खोडातून कोरलेला डोंगा, उन्हात कोरडा पडला की फाटतो. पाऊस लागला की दगड काढून वर आणायचा. हे मी लहानपणापासून पाहत आले आहे.

‘आता कोणासाठी बुडवता, बाबा?’ मी एकदा विचारलं.

‘लाकडासाठी.’

द्वारकेला जाऊन आलेल्या कोणी तरी त्यांना सांगितलं होतं, की ओख्याहून बेटावर नावेनं जातात, एकेका नावेत शंभर माणसं. तेव्हापासून त्यांनी ध्यास घेतला. मी मात्र वर्षानुवर्षं ‘पुढच्या सुट्टीत’ म्हणत राहिले. एकदा घराचा स्लॅब आडवा आला, एकदा बदली. शेवटी मागच्या मे महिन्यात आमच्याच तालुक्यातून निघालेल्या यात्रेच्या बसमध्ये दोन सीट घेतल्या. बसमधली निम्मी माणसं आमच्या आणि पलीकडच्या गावची होती.

प्रवासाच्या दुसऱ्याच दिवशी बसमध्ये मला ग्रामपंचायतीतून फोन आला. पुलाजवळ सेल्फी पॉइंट करून राह्यलो, तिथी भाऊचा डोंगा ठेवू, भाऊचा सन्मान होईन. बाबा शेजारी झोपले होते. त्यांना अचानक दाखवू, खूश होतील, असा विचार करून मी हळूच म्हटलं, ‘काढा.’

कच्छचं आखात मी मुलांना नकाशात शिकवते. प्रत्यक्षात पाहिलं तेव्हा त्याची मला काही कल्पनाच नव्हती हे कळलं. काठाशी मातकट पाणी, पुढे हिरवं, त्यापुढे निळं, आणि मध्ये चपटी बेटं. बाबांनी वाकून पाणी कपाळाला लावलं, सवयीनं चूळ भरली आणि थुंकून टाकली. ‘इतकं पाणी, अन् कोणाच्या कामाचं?’ एवढंच म्हणाले.

ओख्याला जायच्या दिवशी ते नवं धोतर नेसून पुढच्या सीटवर बसले होते. बस थांबलीच नाही, सरळ चढावर लागली.

‘घाट कुठी हाय?’ बाबांनी विचारलं.

‘आता पूल झाला ना, बाबाजी,’ यात्रेचा मॅनेजर म्हणाला. ‘पाच मिनटात बेट.’

खाली धक्क्याला नावा बांधलेल्या दिसत होत्या. मी उठून ड्रायव्हरला थांबवायला सांगितलं. मागून आवाज सुरू झाले. ‘कशाले थांबवता, बाई? दर्शन बंद होईन.’ भर पुरात बाबांनी जिला बाळंतपणासाठी पलीकडे पोचवलं होतं, ती बाई म्हणाली, ‘भाऊ, जनमभर नावेतच होते ना तुमी, आता काऊन हट्ट करता?’ मला संताप आला. पण मी खाली बसले, हे मला विसरता येत नाही.

बेटावर दर्शन झाल्यावर बाबा जुन्या घरांच्या बोळातून एकटेच जुन्या धक्क्याकडे निघाले. मी मागोमाग. एका नावेच्या सावलीत नावाडी आडवा झाला होता. वीस-पंचवीस सवाऱ्या जमल्या तर काढू, म्हणाला. आम्ही दोन सवाऱ्या धक्क्यावर बसून राहिलो. तिसरं कोणी आलं नाही. बाबांनी नावेची फळी बोटांनी वाजवून पाहिली. मग आमच्या बसचा हॉर्न वाजायला लागला.

परत पूल ओलांडून झाला. मग बाबा म्हणाले, ‘जाऊ दे. आपला डोंगा हाय ना. पाऊस लागला का काढू. तू चालव, मी बसतो. तुले येते.’

मी हो म्हटलं. नावाड्याची लेक मी, आणि त्या क्षणीही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. उलट मनात हसले, की डोंगा तर वर काढूनही ठेवलाय.

निघाल्यापासून दहाव्या दिवशी गावी पोचलो. बस पुलाजवळ थांबली. सिमेंटच्या ओट्यावर डोंगा होता. त्याला निळा रंग दिलेला, वर प्लास्टिकची फुलं, मागे मोठ्या अक्षरांत गावाचं नाव. आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत तो फाटला होता. आमच्याकडच्या मे महिन्याला त्यासाठी दहा दिवससुद्धा लागले नसतील.

बाबांनी फटीत बोट घातलं. बोट सहज आत गेलं.

‘कोणी काढला?’

‘मी सांगितलं,’ मी म्हणाले.

‘तुले तर मालूम होतं.’

मला मालूम होतं. अर्ज कसा लिहायचा हे जितकं पाठ होतं, तितकंच हेही पाठ असायला हवं होतं. बसमधले लोक उतरून मोबाइल काढत होते. ‘भाऊ, बसा ना आतमंदी, फोटो काढू,’ कोणी तरी म्हणालं.

मला वाटलं, ते घरी निघून जातील. पण ते धोतर सावरून डोंग्यात चढले, मधोमध बसले आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. लोकांचे फोटो काढून होईपर्यंत ते तसेच बसून होते. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, ‘चालव आता.’