भडक्याविना लग्नाचा फोटो

निजामाच्या अमलात आदिलाबादेत आमचा एकच फोटोवाला होता. तो पत्र्यावर भुकटी पेटवून असा भडका करायचा की उजेडाने शेजारच्या तलमडुगू गावचे कोंबडे भरदुपारी आरवायचे. मागच्या लग्नात त्या भडक्याने पाद्रीबाबांची अर्धी दाढी नेली, तेव्हापासून चर्चमध्ये भडक्याला बंदी झाली.

यंदाच्या नवरदेवाची माय तामसी गावी आजारी, अंथरुणावर होती. तिला लग्न दिसलं तर फोटोतच दिसणार होतं, आणि चर्चमध्ये तर अंधार!

"काऊन घाबरून राह्यले, बापू?" फोटोवाला नवरदेवाला म्हणाला. तो जिल्ह्याच्या तालुकदारसाहेबांनाही बापूच म्हणायचा. "खिडकीचा उजेड हाय ना! मी वीस मोजतो. कोनी हालू नका, श्वाससुदिक नको."

त्याने भिंगाचं झाकण काढलं. आशीर्वादाला उचललेला पाद्रीबाबांचा हात तसाच वर राहिला.

"बारा... तेरा... शाब्बास, आत्याबाई! चौदा..."

नवरदेवाच्या आत्याबाई श्वास कोंडून निळ्या पडल्या, पण हलल्या नाहीत. विसाला त्याने झाकण लावलं आणि ओरडला, "कोनीच हाललं नाई! बापू, फोटो मायपाशी पोचते!"

तेव्हा अख्ख्या चर्चने एकदमच असा श्वास सोडला की वेदीवरच्या सगळ्या मेणबत्त्या विझल्या.