भिंतीवरच्या चार पट्ट्या

तुळशीच्या लग्नानंतरच्या बुधवारी, दुपारी दीड ते पाचच्या दरम्यान, माझ्या मोठ्या भावाच्या घरातल्या मागच्या खोलीत भिंतीवर चिकटवलेली काचेची पट्टी तडकली. घरात वहिनी एकटी होती. आवाज तिने ऐकला नाही. दिवेलागणीआधी केर काढताना तिला पट्टीच्या मधोमध एक रेघ दिसली.

घर खालापूर तालुक्यात, लोधिवलीवरून आत जाणाऱ्या रस्त्यावर, डोंगराच्या पायथ्याला आहे. पुढचा भाग वडिलांच्या वेळचा, दगडी जोत्यावरचा. मागची खोली दादाने बारा वर्षांपूर्वी स्वतः वाढवली, सुट्टीच्या दिवशी, गावातला एक गवंडी हाताशी घेऊन. चार इंची विटांची भिंत, वर पत्रा. कोपऱ्यांत कॉलम नाहीत. दादा कारखान्यात फिटर होता. कारखाना बंद पडल्यावर तो घराच्या कामाला लागला. नळ, वायरिंग, फरशी, रंग, सगळं त्याच्या हातचं. त्यानंतर बाहेरचा कारागीर त्या घरात आला नाही.

डोंगराच्या पलीकडच्या अंगाला दगडखाण आहे. तिथे दिवसातून दोनदा सुरुंग लावतात, दुपारी दीडला आणि संध्याकाळी पाचला. आधी भोंगा होतो. भोंगा झाला की वहिनी मांडणीवरची लोणच्याची बरणी उचलून जमिनीवर ठेवते. ही सवय कधी लागली, ते तिला सांगता येत नाही.

मागच्या खोलीची घाई होती. भावाची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती. संक्रांतीनंतर यायची आणि बाळ दोन महिन्यांचं होईपर्यंत राहायची. ती खोली तिच्यासाठी आणि बाळासाठी होती. मी कर्जतला राहते, एका वर्तमानपत्रात काम करते. त्या काळात दर रविवारी मदतीला जात होते.

कामं साधी होती. खालापूरजवळच्या भंगारवाल्याकडून दादाने गोदामात माल ठेवायच्या लाकडी पॅलेटी आणल्या. त्यांचे खिळे उपटले, फळ्या घासल्या आणि पलंग केला. उरलेल्या फळ्यांचं बाळाच्या कपड्यांसाठी फडताळ झालं. वहिनीच्या दोन जुन्या साड्यांचे पडदे मी शिवले. प्लॅस्टिकच्या पाइपांची चौकट करून त्यावर मच्छरदाणी बसवली. भिंतीला पांढऱ्या डिस्टेंपरमध्ये पिवळा रंग कालवून लावायचा ठरला. तीन डब्यांत तीन छटा करून पाहिल्या आणि सगळ्यांत फिकी घेतली.

पण खिडकीच्या भिंतीला एक भेग होती. ती खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून निघून तिरकी पत्र्यापर्यंत जात होती. दसऱ्याला ती केसाएवढी होती. आम्ही ती पुट्टी लावायच्या पटरीने खरवडली, पाणी मारलं, पांढरं सिमेंट भरलं आणि वाळल्यावर पॉलिश पेपरने घासून भिंतीला मिळवली. आठवड्याने ती त्याच जागी परत उमटली. पुन्हा भरली, पुन्हा उमटली. दिवाळीनंतर दादाने त्या जुन्या गवंड्याला बोलावलं. त्याने काम सोडून आता चारपाच वर्षं झाली. तो आधी घरात आलाच नाही. बाहेरून फिरून त्याने भिंतीवर तळहात ठेवला आणि काही वेळ तसाच उभा राहिला. मग आत येऊन म्हणाला, की भेगेवर आडवी काचेची पट्टी लाव, दोन्ही टोकं सिमेंटात पक्की बसव.

"आन् तडकली तर?" वहिनीने विचारलं.

"तर भिंत चालाया लागली म्हनायचं," तो म्हणाला. "मग हितं कोनी निजायचं नाय."

चहा न घेता तो गेला.

पहिली पट्टी जुन्या फोटोच्या चौकटीतली होती. ती बुधवारी तडकली. दादाने ती काढून उजेडात धरली आणि काच फारच पातळ असल्याचं सांगितलं. दुसरी पट्टी त्याने खिडकीच्या जाड तावदानातून कापली. ती सहाव्या दिवशी तडकली. या वेळी सिमेंट जास्त कडक झालं, असं त्याचं म्हणणं पडलं. तिसरी त्याने सिमेंटऐवजी सिलिकॉनने चिकटवली. सिलिकॉन रबरासारखं ताणतं, हे आयुष्यभर मशिनी जोडलेल्या माणसाला माहीत असणार. ती काच तडकली नाही. बाराव्या दिवशी तिचं एक टोक भिंतीपासून सुटलं.

त्या रविवारी मी खालापूरला तहसील कार्यालयात खाणीबद्दल अर्ज द्यावा असं सुचवलं. दादा कबूल झाला नाही. मागची खोली ग्रामपंचायतीच्या नोंदीत नाही. पाहणीला आलेला माणूस आधी खोलीचा कागद मागेल, असं तो म्हणाला.

"तू पेपरातली," तो पुढे म्हणाला. "तुला जिथं तिथं बातमीच दिसती."

चौथी पट्टी पत्र्याची होती. गोडेतेलाच्या डब्यातून कातरीने कापलेली, दोन्ही टोकांना दोन दोन खिळे मारलेली. खिळे मारून तो शिडीवरून उतरला.

"आता बघू कशी तडकते ती."

"आवो, पत्रा कुटं तडकतो व्हय?" वहिनी म्हणाली.

"तेच सांगतोय मी."

वहिनी हसली. मीही हसले. मग मी त्या पट्टीवर पुट्टीचे दोन हात मारले. वाळल्यावर पॉलिश पेपर मारला. पुढच्या रविवारी रंग दिला. रंगानंतर भेग आणि पट्टी दोन्ही दिसत नव्हती. पलंग त्याच भिंतीला लावला. एका भिंतीत दार होतं, दुसरीवर विजेचा बोर्ड, तिसरीला फडताळ. निजणाऱ्याचं डोकं खिडकीच्या बाजूला आलं.

मुलगी संक्रांतीनंतर चार दिवसांनी आली. तिला आठवा लागला होता. खोली तिला फार आवडली. तिने पडद्यांचे, पलंगाचे, मच्छरदाणीचे फोटो काढून सासरी पाठवले. बाबांनी सगळं घरच्या घरी केलंय, हे तिने फोनवर तीन जणांना सांगितलं. दादा ओटीवर बसून ऐकत होता.

पहिल्या आठवड्यापासून वहिनी दीडच्या भोंग्याला तिला बाहेर बोलावू लागली. एकदा ऊन खायला, एकदा मेथी निवडायला, एकदा शेजारीण आली म्हणून. शेजारीण आलेली नव्हती. हे मला मुलीने नंतर सांगितलं. वहिनीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, मी कुठं काय बोलले.

फेब्रुवारीतल्या पहिल्या रविवारी दीड वाजता मी त्या खोलीत होते. मुलगी पलंगावर आडवी होती. भोंगा झाला. वहिनीने ओटीवरून हाक मारली, की जरा बाहेर ये गं, वारा आहे. मुलीने पाय दुखतात म्हणून सांगितलं आणि ती उठली नाही. सुरुंग झाले. चार, थोड्या थोड्या अंतराने. खिडकीची काच हलली. पलंगाच्या डोक्याकडे, भिंतीलगत, चादरीवर पांढऱ्या भुकटीची एक सरळ रेघ पडली. थोडी तिच्या केसांत पडली.

तिने ती हाताने झटकली.

"आत्या, हे रोज पडतं. काय आहे गं?"

"पुट्टी."

"रोज कशी पडते?"

मी तिला उठून दाराकडच्या खुर्चीवर बसायला सांगितलं. फडताळावरची पटरी घेतली आणि पलंगावर उभी राहून रंग खरवडला. पट्टी सापडली. ती धनुष्यासारखी बाहेर वाकली होती. उजवीकडचे दोन्ही खिळे विटेतून निघून आले होते आणि नुसत्या पुट्टीत अडकले होते. पट्टी हाताने निघाली. मागच्या भेगेत माझ्या करंगळीचं पहिलं पेर गेलं. वर, पत्र्याजवळ, भेगेतून बाहेरचा उजेड दिसत होता.

दादा दारात येऊन उभा राहिला होता. किती वेळ, ते मला माहीत नाही. मुलीला काय घडलं ते मी सांगितलं: तीन काचा, मग पत्रा, मग माझी पुट्टी. गवंडी काय म्हणाला होता, तेही सांगितलं.

"दिवस भरत आलेल्या पोरीला घाबरवतेस," दादा मला म्हणाला.

मुलगी त्याच्याकडे बघत होती.

"बाबा, बाळाला हितं निजवू का?"

"भिंत माझ्या हातची हाय गं. तू शाळंत होतीस तवा बांधलीय. तूच इटा आनून देत होतीस."

"ते म्हायतीय मला. निजवू का ते सांगा."

त्याने माझ्या हातातली पट्टी घेतली आणि ती सरळ करायला लागला. तिने उठून बॅग भरायला घेतली. वहिनीने बाळाचे कपडे फडताळातून काढून एका पिशवीत घातले. पाचच्या सुरुंगांआधी मी आणि मुलगी रिक्षात बसलो. निघताना दादाने रिक्षाच्या दांडीवर हात ठेवला.

"भिंत हुबी हाय," तो म्हणाला. "आजपासनं मी निजतो तिथं. मंग बघा."

बाळंतपण कर्जतला झालं. तिला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला हवं, आत्याकडे कसं, असं सासरकडून एकदा विचारणं झालं. मुलीने जागेची अडचण सांगितली. बारसं माझ्या खोलीत झालं. दादा आला होता. सोबत पाइपांची मच्छरदाणी सुटी करून आणली होती, ती त्याने स्वतः जोडून दिली. नातीला अर्धा तास मांडीवर घेतलं.

मध्यंतरी गवंडी पुन्हा येऊन गेला. पत्रे उतरवून भिंत वरून हळूहळू सोडवून घ्यावी, असं त्याने सांगितलं आणि माणसं आणायचीही तयारी दाखवली. दादाने नको म्हटलं. बाहेरच्या बाजूने त्याने भिंतीला दोन वासे तिरके टेकवले आणि त्यांच्या बुडाशी दगड रोवले. भेग परत भरली. ती कशाने भरली, हे वहिनीला माहीत नाही. त्या दिवसापासून तो तिला खोलीत येऊ देत नाही. केरही तोच काढतो. पलंग त्याने हलवलेला नाही.

काल सकाळी सात वाजता वहिनीचा फोन आला. दादा रात्री मागच्या खोलीत झोपला होता. ती ओटीवर झोपली होती. भिंत अजून उभी आहे, एवढंच सांगायला तिने फोन केला होता.