चार नंबरचे मोजे

त्या शनिवारी अक्का सकाळपासूनच तापलेल्या इस्त्रीसारखी झालेली, हात लावायची सोय नाही. सातला लाँड्रीचं शटर वर. मॅच दुपारी तीनची, पण निळा शर्ट तेव्हापासूनच अंगात. आणि धाकटी आत येते न येते तोच अक्का म्हणाली, आज हरले तर मी त्यांचे कपडे धुणार नाही, तसेच घामट घेऊन जाऊ देत.

धाकटी म्हणजे तिची पाठची बहीण. अक्का त्रेसष्टची, ही चोपन्नची, पण लाँड्रीत सगळे तिला धाकटीच म्हणायचे. तिने नुसतं हं म्हटलं. हे वाक्य तिने त्या सीझनला अकरा वेळा ऐकलेलं, कारण निळे, म्हणजे तिचा लाडका हॉकी संघ, सलग अकरा मॅच हरलेले. प्रत्येक वेळी अक्का धुणार नाही म्हणायची आणि सोमवारी पदर खोचून सगळ्यात आधी त्यांचंच गाठोडं उघडायची.

आज शेवटची मॅच होती. जिंकले तर वरच्या गटात राहणार, नाहीतर खाली. आणि एकदा खाली गेले की कोण येतंय परत. म्हणजे बघा, जीव टांगणीला.

निळ्यांचे कपडे अक्काकडे सतरा वर्षं येत होते. क्लबचा सामानवाला, जो स्टिका, बॉल, शर्ट सगळं सांभाळायचा, तो दर सोमवारी दोन मोठ्या बॅगा आणून टाकायचा. मग अक्काचं एक काम असायचं, ते दुसऱ्या कोणी केलेलं तिला चालायचं नाही. जमिनीवर जुना पेपर पसरायचा आणि एकेक मोजा उलटा करून झटकायचा. त्यांच्या मैदानावर खोटं गवत, आणि त्या गवतात बारीक वाळू भरलेली असते. ती पळताना बुटात जाते, बुटातून मोज्यात. मशीनमधे गेली तर मशीनचं वाटोळं, म्हणून झटकायची. पण अक्काने त्यातून शास्त्र काढलेलं. मोज्यांवर शर्टाचेच नंबर, तेव्हा ज्याच्या मोज्यात वाळू जास्त तो पळाला, ज्याच्या मोज्यात नाही तो फिरायला आलेला. गोलकीपर सोडून, त्याला माफी.

लोकांनी सांगितलं, अक्का, अमका काय खेळला काल. की ही म्हणणार, थांब, सोमवारी सांगते.

खरी गोष्ट अशी की तिला लांबचं नीट दिसायचंच नाही. स्टँडमधून तिला अकरा निळे ठिपके दिसायचे आणि अकरा दुसऱ्या रंगाचे. चष्म्याचं नाव काढलं की म्हणायची, माझे डोळे सुईत दोरा घालतात. हो, सुई जवळ असते ना. पण ते तिला कोण सांगणार.

तर या शास्त्राप्रमाणे संघातला सगळ्यात मोठा कामचोर होता चार नंबर. दोन सीझन झाले, त्याचे मोजे कायम कोरे. उलटे करा, सुलटे करा, दगडावर आपटा, चिमूटभर वाळू नाही. अक्काच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. संघ हरतोय आणि हा राजा मैदानात हवा खातोय. त्याचं नावच तिने पाहुणा पाडलेलं. स्टँडमधे बेकरीवाला तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसायचा. तो म्हणायचा, अक्का, तो बरा पळतो हो. ही म्हणायची, तू ब्रेड बघ, मोजे मी बघते.

बरं, बोलून थांबेल ती अक्का कसली. दर आठवड्याला चार नंबरच्या धुतलेल्या शर्टाच्या आत सेफ्टी पिनने एक चिठ्ठी लावायची. त्यावर एकच शब्द, पळ. धाकटीने किती वेळा सांगितलं की अगं काम जाईल हातचं. पालथ्या घड्यावर पाणी. सामानवाल्याने चिठ्ठ्या बघितलेल्या, पण तो हसून सोडून द्यायचा, कोणाला सांगायचा नाही. या शेवटच्या मॅचच्या शर्टाला तर तिने तीन शब्द लावलेले, आज तरी पळ.

दुपारी निघताना धाकटीने शेवटचा प्रयत्न केला. डॉक्टरांनी सांगितलेलं, छातीचं दुखणं आहे, मॅच बघायची तर घरी, आवाज बारीक करून. अक्का म्हणाली, "आवाज बारीक करून हॉकी बघायची म्हणजे बंद इस्त्री फिरवायची. चल, कुलूप लाव."

गेल्या दोघी.

स्टेडियमात काय गर्दी. हरणारा संघ, पण गर्दी बघाल तर जणू कप जिंकायला आलेत. लोक चिडलेले. एक भलं मोठं कापड टांगलेलं, हरलात तरी चालेल, घाम तरी गाळा. आणि ठरलेलं असं की मॅच सुरू झाल्यावर पहिली पाच मिनिटं अख्ख्या स्टँडने मैदानाकडे पाठ करून बसायचं, निषेध म्हणून. सगळे वळले. बेकरीवाला वळला, धाकटीसुद्धा लाजून अर्धी वळली. अक्का तेवढी सरळ. म्हणाली, पाठच करायची तर तिकीट कशाला, घरात भिंत आहे.

त्यामुळे पहिला गोल फक्त अक्काने पाहिला. तोही समोरच्या लालवाल्यांचा. तिला लाल ठिपके उड्या मारताना दिसले आणि तिने कपाळावर हात मारला. लोक गर्रकन वळले, काय झालं, काय झालं. ही म्हणाली, व्हायचं ते झालं, बसा आता पाठ करून.

मग निळ्यांनी एक फेडला, परत लालनी एक केला. हाफ टाइमला दोन एक. स्टँडमधे लोक एकमेकांवर खेकसायला लागले. कोण म्हणे कोचला हाकला, कोण म्हणे सगळ्यांनाच हाकला, आपण खेळू. आणि अक्का उठली. पायऱ्या उतरायला लागली. धाकटी मागून, अगं कुठे. ती म्हणाली, पाहुण्याला विचारते, चहा घेणार का.

खाली जाळीच्या कठड्यापाशी खेळाडू पाणी पीत होते. चार नंबर जरा बाजूला जमिनीवर बसलेला. अक्काने पदर सावरला, छाती भरून श्वास घेतला, दोन वर्षांचं साठलेलं सगळं जिभेवर आणलं, आणि थांबली.

कारण पोरगा बूट काढून उलटा करत होता. बुटातून वाळू पडली. मग मोजा काढला, उलटा केला आणि झटकला. वाळूची धार लागली धार. मग दुसरा पाय. त्याच्यासमोर जमिनीवर केवढा तरी ढीग, मूठभर तर सहज. इतकी वाळू अक्काने सतरा वर्षांत एका मोज्यातून पडलेली पाहिली नव्हती.

तिने कठडा धरला. आवाज एकदम खाली आला. "काय करतोस रे बाळा?"

त्याने वर बघितलं. घामाने निथळत होता. "वाळू काढतोय मावशी."

"दर वेळी काढतोस?"

"हाफ टाइमला काढतो, मॅच संपल्यावर परत काढतो. तसेच टाकले की धुणाऱ्यांच्या मशीनमधे जाते. माझी आई हॉटेलात धुण्याचं काम करायची, तिने लहानपणीच हाताला सवय लावली."

आणि वर तो पोरगा नडगीची पट्टी नीट बसवता बसवता एक चुरगळलेली चिठ्ठी आत सरकवत हसला. म्हणाला, "कोणीतरी दर आठवड्याला शर्टाला लावतं. पळ म्हणून. संघात मलाच येते, बाकी कोणाला नाही. बरं वाटतं."

शिट्टी झाली. तो बूट घालून पळाला. अक्का तिथेच उभी. धाकटीने दंडाला धरून वर न्यायला बघितलं तर म्हणाली, सोड, इथूनच बघते, इथून नंबर दिसतो.

आणि मग काय सांगू, चारपैकी तिसरा भाग सुरू झाला आणि अक्काचा घसा सुटला. चार, चार, चार. दुसरं काही नाही. सगळं स्टँड वरून बघतंय, ही बाई दोन वर्षं ज्याला शिव्या घालत होती त्याच्याच नावाने ओरडतेय. बेकरीवाल्याला वाटलं उपरोधाने ओरडतेय, म्हणून तोही ओरडला. मग त्याच्या मागची रांग. मग कळेना कोण खरं आणि कोण खोटं, पण अख्खं स्टँड चार चार करायला लागलं. त्या पोराच्या पायात काय आलं कोण जाणे. बॉल तिकडे तर हा तिकडे, बॉल इकडे तर हा इकडे. खरं तर तो रोजच तसा पळत असणार. बघत कोण होतं.

निळ्यांनी बरोबरी केली. मग शेवटच्या भागात पेनल्टी कॉर्नर मिळाला, आणि बॉल गोलमधल्या फळीवर असा खाड्कन आपटला की अक्काच्या आधी धाकटीच नाचली. तीन दोन. लोक एकमेकांच्या गळ्यात. जे कोचला हाकलत होते ते कोचला मुका द्यायला निघाले.

पण एक मिनिट बाकी. आणि निळे सगळे पुढे गेलेले, खुळ्यासारखे. लालवाल्यांच्या एकाने बॉल हिसकावला आणि मोकळं मैदान घेऊन सुटला. कीपर पुढे आला, तो कीपरच्या बाजूने निघाला. समोर रिकामा गोल. स्टँडमधे श्वास नाही कोणाचा. आणि पलीकडच्या टोकाकडून एक निळा येतोय, येतोय, लोकांना वाटतंय नाही पोचत, आणि अक्का कठड्यावर मुठी आपटत एवढंच म्हणतेय, पळ, बाळा, पळ. लालवाल्याने मारला. चार नंबरने अंग झोकून दिलं. बॉल रेषेवर त्याच्या स्टिकला लागला आणि बाहेर.

शिट्टी.

धाकटी आजही सांगते, तिने अक्काला आयुष्यात दोनदा रडताना बघितलं, आणि हसत हसत रडताना एकदाच.

बाहेर पडताना सामानवाला दिसला, खेळाडूंच्या खोलीकडे रिकाम्या बॅगा घेऊन निघालेला. अक्काने त्याची बाहीच धरली. म्हणाली, "चार नंबरला माझा निरोप दे. म्हणावं मोजे झटकायचे नाहीत. जसे काढले तसे टाक. ते काम माझं आहे."

तो हसला, म्हणाला, अक्का, एवढ्या गडबडीत हा निरोप? ती म्हणाली, हाच, आणि आत्ता.

तिथून दोघी लाँड्रीतच आल्या, कारण अक्काला मोठ्या टेबलाजवळची तिची खुर्चीच लागायची. अजून उजेड होता. वाटभर ती बोलत होती. दोन वर्षं, धाकटे, दोन वर्षं मी त्या पोराला पाहुणा म्हटलं, आणि तो माझंच मशीन सांभाळत होता. सोमवारी चिठ्ठीवर काय लिहायचं ते तिला सुचत नव्हतं. माफी बिफी लिहायला लाज वाटत होती. खुर्चीत बसली, म्हणाली, तू चहा टाक, तोवर मी शब्द शोधते.

धाकटी चहा घेऊन आली तेव्हा अक्काची मान एका बाजूला होती. हातात पेन्सिल होती. कागद कोरा.

नंतर लोक म्हणाले, मॅचला जाऊ द्यायला नको होतं. धाकटीने ते ऐकून घेतलं. रात्री तिला वाटायचंही की आपण हात धरून घरी बसवायला हवं होतं. मग तो कठडा आठवायचा, आणि त्या मुठी, आणि तिला वाटायचं, कोण बसवणार होतं तिला.

सोमवारी ती शटर उघडायला गेली, कारण बॅगा येणार होत्या. सामानवाला शीळ घालत आला. त्याला काही कळलेलं नव्हतं. बॅगा ठेवता ठेवता म्हणाला, अक्काला सांगा, निरोप पोचला. पोराने विचारलं, कोणी सांगितलं, मी म्हटलं, जी चिठ्ठ्या लावते तिने. कुठंय अक्का?

धाकटीने त्याला सांगितलं. तो टेबलाला टेकून खाली बसला.

तिने पेपर पसरला. बॅगेतून चार नंबरचे मोजे शोधून काढले. जड होते. तिने एक मोजा धरला, उलटा केला आणि झटकला.