गप्प बसायचा हक्क आणि माझा पाळणा

ये गं, इकडे जवळ बस. दारातूनच "कशी आहेस आजी" विचारून पळतेस, मी काय रेशनच्या रांगेत भेटलेली बाई आहे? बस आणि ऐक. आपल्या घरात राज्यघटना पहिल्यांदा आली ती कांदेपोह्यांच्या बशीबरोबर.

शहाऐंशी साल. मुलुंडची आमची दीड खोली. गिरणी बंद पडल्यावर तुझे आजोबा साकीनाक्याच्या एका वर्कशॉपात लागले होते. तुझी आई दिवसा नोकरी करून वकिलीच्या कॉलेजात जायची. आजोबांना पेपर मोठ्यानं वाचायची खोड. एका सकाळी वाचलं, की शाळेतली तीन मुलं राष्ट्रगीताला सरळ उभी राहिली, पण धर्मात बसत नाही म्हणून गायली नाहीत, तर शाळेनं काढूनच टाकलं. दिल्लीचं मोठं कोर्ट म्हणालं, परत घ्या! बोलायचं स्वातंत्र्य दिलंय ना, त्यातच गप्प बसायचंही आलं.

"वा! याला म्हणतात निकाल!" आजोबांनी मांडीवर थाप मारली.

"मला काय त्याचं?" मी म्हटलं. (गप्प बसायची सोय मला कधी लागलीच नव्हती.)

त्याच आठवड्यात रविवारी घाटकोपरहून पाहुणे आले, तुझ्या आईला बघायला. मुलगा बँकेत, कोकणातला, दिसायला झकास. आधीच्या दोन स्थळांनी "मुलगी फार शिकतेय" म्हणून नकार कळवला होता. हेही गेलं तर वाटच लागली! म्हणून मी पोह्यांवर खोबरं दुप्पट घातलं.

पोहे संपले. मुलाच्या आईनं पदर सावरला. "गो चेडवा, एखादा गाणा म्हण बघया."

मी खूश! भांडी घासताना तुझी आई काय सुंदर गायची. पण ही म्हणते, "मी नाही म्हणणार."

"घसा बसलाय हो तिचा," मी घाईघाईनं सांगितलं.

"घसा ठणठणीत आहे, आई. हौस आली की गाईन, परीक्षा म्हणून नाही. गप्प बसायचा हक्क घटनेनं दिलाय, कोर्टानं सांगितलंय. बाबांना विचार!"

सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. मांडीवर थाप मारणारा माणूस रिकाम्या बशीत मिरची शोधत होता!

खोलीत चिडीचूप. मला शांतता सोसत नाही गं. मी तोंड उघडलं आणि चक्क गायला लागले! काय गायले? बारशाचा पाळणा! मला तेवढाच येतो.

"अगं, बंद कर!" आजोबा कुजबुजले.

पण पाळणा अर्धवट सोडला तर बाळाला बाधतो ना! (बाळ कुठलं? लग्नाचा पत्ता नव्हता!) तिसऱ्या कडव्याला मुलाच्या आईला ठसका लागला. चौथ्याला शेजारीण दारात हजर. "कुणाचं बारसं गं? मला कळवलंसुद्धा नाहीस!"

झालं! मुलाची आई ताडकन उभी. "ह्या काय? कोणाचा पोर? चल रे, ऊठ!"

मुलगा उठलाच नाही. "आई, बस जरा. मी आजवर गप्पच बसलो, पण तो काही हक्क नव्हता, सवय होती. आज बोलतो. मला मुलगी पसंत आहे." मग तुझ्या आईकडे वळून, "तुम्हाला?"

तुझी आई गप्प!

"अगं, तो हक्क आता ठेव बाजूला आणि बोल!" मी ओरडले.

"विचार तर करू दे, आई!" मग त्याला म्हणाली, "वकिली पुरी करणार मी. चालेल?"

"चालेल."

"मग मलाही पसंत."

"आणि माका कोणी इचारूक नको?" त्याची आई धपकन खाली बसली.

"बोला ना विहीणबाई, तुम्हालाही हक्क आहे!"

"मगे आदी पोहे वाढ."

आणि तो मुलगा म्हणजे तुझे बाबा गं. पुढे तोच पाळणा मी योग्य जागी म्हटला. पाळण्यात तू होतीस. पहिल्याच कडव्याला असं भोकाड पसरलंस की बारशाच्या बायका हसत सुटल्या. मी थांबवायला गेले तुला, तर तुझी आई म्हणते, "रडू दे तिला, हक्क बजावतेय ती!"

आता तूही काळा कोट घालून कोर्टात उभी राहतेस. तिथं खुशाल बोल, कुणासाठी गप्प बसू नकोस. पुढच्या रविवारी मात्र राहायलाच ये, खोबरं घालून पोहे करीन. आल्यावर बडबडत राहा म्हणजे झालं. खोलीत शांतता पडली की माझा काही भरवसा नाही!