पुंगळ्या कुठे पडतात

पेटी उघडली तेव्हा आम्ही तिघंच होतो. नेमबाजी क्लबचे सचिव, बाई आणि मी. काळ्या स्पंजात खाच पाडून ते पिस्तूल बसवलेलं होतं. लाकडी मूठ, तिच्यावर बोटांसाठी कोरलेले खळगे, आणि नव्या तेलाचा वास. सचिवांनी ते उचलून बाईंच्या हातात दिलं.

"बाई, काही आठवडे तुम्ही दोघी चालवून पाहा. पसंत पडलं तर असंच आणखी एक मागवू. नाई पडलं तर आताच सांगा, मंग मले बोल लावू नका."

तोवर क्लबात पॉइंट बावीसचं एक जुनं पिस्तूल होतं. त्यात प्रत्येक गोळी हातानं भरावी लागे. हे नवं सेमी-ऑटोमॅटिक. एक गोळी सुटली की वरची स्लाइड झटक्यात मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि पुढे येताना मॅगझिनमधलं दुसरं काडतूस नळीत ढकलते. हे सगळं डोळ्याला दिसायच्या आत होतं. मी पहिल्याच दिवशी ते रिकामं असताना पुन्हा पुन्हा स्लाइड मागे ओढून आत काय हलतं ते पाहत बसले. बाई म्हणाल्या, "घड्याळ खोलून राह्यली का वो तू?"

मी मोहर्लीला जंगल सफारीची गाइड आहे. पर्यटक हमखास विचारतात, गाइडजवळ बंदूक असते का? नसते. आम्ही रिकाम्या हातानं जंगलात जातो. मग मी सांगते की पार्क बंद असतो त्या दिवशी मी चंद्रपूरला जाऊन नेमबाजी करते, तर त्यांना ती थाप वाटते. मला या खेळात आणलं बाईंनी. एकदा त्या भाचीला घेऊन सफारीला आल्या होत्या. तासभर पाणवठ्यापाशी थांबलो, काहीच आलं नाही, बाकीचे चुळबुळ करत होते आणि मी जागची हलले नव्हते. परतताना बाई म्हणाल्या, "अशी बसता येते तुले, तर नेमही धरता येईन. ये एकदा."

बाईंची सगळी नोकरी गडचिरोलीच्या पोलिसात गेली. रायफल खांद्यावर घेऊन त्या किती चालल्या असतील, ते त्या सांगत नाहीत. एवढंच म्हणतात, "नोकरीत बंदूक वागवली. तिच्याशी खेळाले आता मिळालं."

तर पिस्तुलाची परीक्षा सुरू झाली. आधी ते वाळूच्या पिशवीवर टेकवून झाडलं, म्हणजे हाताचा दोष मध्ये येऊ नये. छिद्रं इतकी जवळजवळ पडली की एका रुपयाखाली झाकली जावीत. मग हातात धरून. चाप हलका होता, पण कुठे सुटणार हे बोटाला आधी कळायचं. मूठ मात्र कुणा धिप्पाड माणसाच्या पंजासाठी घडवलेली. माझी करंगळी खळग्यात पोचतच नव्हती. मी लाकडाची लुगदी आणून खळगा भरला, वाळल्यावर घासला, पुन्हा भरला. दोन-तीन वेळा बिघडवल्यावर करंगळी टेकली.

आणि मग ते अडकायला लागलं. बाई झाडत होत्या, मध्येच चाप दाबला तर काहीच नाही. पुंगळी अर्धी बाहेर येऊन स्लाइडमध्ये उभी अडकली होती. बाईंनी नळी टार्गेटमागच्या मातीच्या बांधाकडेच ठेवून मॅगझिन काढलं, पुंगळी झटकली, पुन्हा भरलं. थोड्या वेळानं पुन्हा तेच. मी हातात घेतलं तर पूर्ण मॅगझिन सुरळीत संपलं.

पुढच्या आठवड्यात आम्ही काडतुसं बदलली. त्यानंतर पिस्तूल साफ केलं, तेल कमी करून पाहिलं, जास्त करून पाहिलं. बाईंच्या हातात ते अडकतच राहिलं. त्या वैतागल्या. "वस्तूच खराब हाय. भाऊ, परत पाठवून द्या." सचिव बाईंचा शब्द खाली पडू देत नाहीत. ते पेटी आणायला उठलेसुद्धा.

पण मला चैन पडेना. वस्तू खराब, तर माझ्या हातात का नाही? मी जमिनीकडे पाहिलं. ही माझी धंद्यातली सवय. वर काय चाललंय ते कळेनासं झालं की मी खाली पाहते. माझ्या जागेवरच्या पुंगळ्या उजवीकडे लांब, भिंतीपाशी पडल्या होत्या, जवळपास एकाच ठिकाणी. बाईंच्या जागेवरच्या त्यांच्या पायाशीच विखुरल्या होत्या. पिस्तूल तेच, काडतुसं एकाच डब्यातली. मग पुंगळीला बाहेर फेकणारा जोर बाईंच्या हातात कुठे जातो?

मी सचिवांना झाडायला सांगितलं. त्यांच्याही पुंगळ्या भिंतीपाशी. मग मी स्वतः मुद्दाम मनगट ढिलं सोडून झाडलं. पुंगळी पायाशी पडली. दुसऱ्या खेपेला अडकली.

मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानं बोलून गेले. "बाई, सापडलं! हात घट्ट असला तर स्लाइड एकटी मागे जाते. मनगट ढिलं पडलं तर अख्खं पिस्तूलच मागे जाते, अन् स्लाइडले पुरता पल्लाच भेटत नाई."

बाई माझ्याकडे पाहत राहिल्या. तेव्हा कुठे मी काय बोलले ते माझ्या लक्षात आलं.

"म्हंजे माया हात खराब हाय?"

"तसं नाई, बाई..."

"मंग कसं?" त्यांनी कानावरचं झाकण काढून टेबलावर ठेवलं आणि सरळ फाटकाबाहेर निघून गेल्या. सचिव मला म्हणाले, "काऊन बोलली वो?" मोहर्लीला जाणाऱ्या गाडीत मी वाटभर स्वतःशीच वाद घालत होते.

आठवडाभर त्यांनी फोन उचलला नाही. मग पार्क बंद असतो त्या सकाळी क्लबच्या नेमबाजीच्या रेंजवर गेले, तर त्या आधीच येऊन बाकावर बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर पालथा ठेवलेला.

"कपबशी पडते हातातून," त्या म्हणाल्या. "सकाळी बोटाइले मुंग्या येते. पीठ मळता मळता थांबा लागते. मले वाटलं, वय झालं. कोनाले सांगाचं?"

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून. तू बोलली तेव्हा राग तुह्या नाई आला, पोरी. हाताचा आला."

त्यांचा विश्वास एकाच डॉक्टरवर होता, आणि ते गडचिरोलीला. नोकरीत असताना बाईंचा मोडलेला पाय त्यांनीच बसवला होता. आम्ही एसटीनं निघालो. मूल गाव मागे पडलं, पुढे वैनगंगा ओलांडली. बाई खिडकीशी बसून हाताची मूठ उघडत होत्या, मिटत होत्या. डॉक्टरांनी मनगटाच्या आतल्या बाजूला बोटानं टकटक केली आणि बाई दचकल्या. झिणझिणी थेट बोटांच्या टोकापर्यंत गेली होती. मनगटातली नस दबली आहे, ते म्हणाले. लहानशी शस्त्रक्रिया करू, आणखी थांबला असतात तर अंगठ्याचा स्नायू वाळत गेला असता. मग त्यांनी विचारलं, "पण तुम्ही आलात कशा? तुम्ही तर ताप आला तरी सांगत नव्हतात."

"पिस्तुलानं पाठवलं," बाई म्हणाल्या. डॉक्टरांना वाटलं त्या गंमत करताहेत, म्हणून मी सगळं सांगितलं. त्यांनी कागद पुढे करून मला स्लाइडचं चित्र काढायला लावलं. बाहेर रांग ताटकळली होती.

शस्त्रक्रिया झाली. टाके निघाल्यावर बाई रबरी चेंडू दाबत घरभर फिरायच्या. रेंजवर यायच्या आणि मागे बसून माझ्या चुका काढायच्या. हात भरून यायला पावसाळा सरला. धान कापणीला आलं त्या सुमारास एका सकाळी त्यांनी पिस्तूल मागून घेतलं.

पहिली गोळी. मी टार्गेटकडे पाहिलंच नाही, पुंगळी कुठे जाते ते पाहत होते. ती मध्यावर पडली. भिंतीपर्यंत नाही, पण पायाशीही नाही. मॅगझिन न अडकता संपलं. नेम मात्र पार बिघडला होता, छिद्रं कागदभर. बाईंनी कागद जवळ धरून नीट न्याहाळला.

"गोळ्या गावभर फिरून राह्यल्या," त्या म्हणाल्या, आणि दुसरा कागद लावायला सांगितला.

निकाल ऐकायला सचिव येऊन उभेच होते. "मंग बाई, मागवू का दुसरं?"

"मागवा. पण मूठ लहान पाहा. बायकाइचे हातही असते म्हणा त्याइले."

दुसरं पिस्तूल आता आलं आहे. त्याची मूठ मला नेमकी बसते, बाईंना थोडी अपुरी पडते. म्हणून सध्या त्या लुगदीचा डबा घेऊन ती भरत, घासत बसलेल्या असतात, आणि बारीक भुसा त्यांच्या लुगड्यावर पडत असतो.